वेदना, घड्याळ आणि औषधाची मात्रा

पाठीचें दुखणें महिनोन् महिने हटत नाहीं, अशा माणसाच्या उशाशीं गोळ्यांची बाटली असते. कळ आली कीं गोळी घ्यावयाची आणि अंग टाकावयाचें, हा क्रम घरांतल्या सर्वांना पाठ होतो. यांत गैर तें काय, असें आपण विचाराल.

अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुनर्वसन विभागांत विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत हाच प्रश्न हातीं घेतला. कळ आली कीं औषध मिळतें, विसांवा मिळतो, घरच्यांचें लक्षही मिळतें. अशा रीतीनें कळ आणि तिचें बक्षीस यांची गांठ पडते. रोगी ढोंग करतो, असा याचा अर्थ मुळींच नव्हे. शरीर हें नकळत शिकतें.

रोग्यास रुग्णालयांत ठेवून प्रथम तो दिवसाला किती औषध मागतो याची नोंद होई. मग तितकेंच औषध चव झांकणाऱ्या सरबतांत मिसळून ठराविक वेळीं दिलें जाई, कळ असो वा नसो. पुढें कांहीं आठवड्यांत सरबत तेवढेंच राही, त्यांतील अफूवर्गीय द्रव्य मात्र हळूहळू उतरे. मात्रा उतरणार हें रोग्यास आधींच सांगितलेलें असे, दिवस तेवढा सांगत नसत. ही पूर्वकल्पना नसती तर ती फसवणूकच झाली असती, असें मला वाटतें.

व्यायामाचेंही तसेंच. दहा वेळां पाय उचलून जो थकतो, त्यानें आठ उचलावे व मग विसांवा घ्यावा. म्हणजे विसांवा कळेचा नव्हे, श्रमाचा मोबदला ठरतो. सर्वांत कठीण धडा पत्नीचा: ‘फार दुखतें का?’ हा मायेचा प्रश्न गिळून, ‘आज किती चाललांत?’ असें विचारावयाचें.

अफूवर्गीय औषधांची शरीरास संवय होते. तोच आराम मिळण्यास अधिक मात्रा लागते, आणि कांहींची वेदना उलट तीव्र होते. परंतु तीं एकाएकीं तोडल्यास घाम, पोटांत मुरडा, निद्रानाश ओढवतो. अमेरिकन रोगनियंत्रण केंद्राच्या २०१६ च्या सूचनांचा भलता अर्थ लावून कित्येकांचीं औषधें अशींच तोडलीं गेलीं. २०२२ च्या सुधारित सूचनांत त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला.

कर्करोगाच्या वेदनेस मात्र मात्रा उतरविण्याचा हा हिशोब लावूं नये. तेथेंही जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं घड्याळाप्रमाणेंच औषध देण्यास सांगितलें, पण हेतु निराळा: कळ उठण्यापूर्वींच तिला गांठावयाचें.