सहा सेकंदांची कारकीर्द

भिंतीवर चढण्यांत मनुष्याचें आयुष्य सार्थकीं लागतें असें कोणी म्हटल्यास आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्याच पडतील. परंतु पोलंडमधील लुब्लिन शहरच्या अलेक्झांड्रा मिरोस्लाव या बाईंनीं आपलें तारुण्य नेमक्या याच उद्योगास वाहिलें. आणि उद्योग तरी असा कीं, डोळ्याचें पातें चारदोनदां लवतें न लवतें तोंच आटोपावा!

वेगारोहणाची भिंत १५ मीटर, म्हणजे सुमारें पन्नास फूट उंच असून पांच अंशांनीं चढणाऱ्याच्या अंगावर कललेली असते. तीवर हातांसाठीं २० मोठे व पायांसाठीं ११ लहान आधार बसविलेले असतात, आणि त्यांची मांडणी साऱ्या जगांत एकच असते. दोन स्पर्धक शेजारशेजारीं उभे राहतात, इशारा होतो, माथ्यावरील कळ प्रथम थापटील तो जिंकला. कमरेचा दोर पडतांना सांवरण्यापुरताच. खडकावर चढणाऱ्या कांहीं जुन्या मंडळींस यांत कोडें सोडविण्याची मौज नाहीं म्हणून हा प्रकार रुचत नाहीं. आम्हांस तो आक्षेप पटत नाहीं. गवई एकच पलटा वर्षानुवर्षें घोटतो, त्यास कोणी बुद्धिहीन म्हणत नाहीं.

बाईंचा जन्म १९९४ सालचा. थोरली बहीण याच खेळांतली. तिच्या पावलावर पाऊल टाकून धाकटीहि भिंतीकडे वळली. पुढें पति माटेउश हेच तिचे शिक्षक झाले. २०१८ सालीं इन्सब्रुक येथें व २०१९ सालीं जपानांत हाचिओजी येथें तिनें जगज्जेतेपद मिळविलें.

मग टोकियो आलें. २०२१ सालीं तेथें आरोहणाचा ऑलिंपिकमध्यें प्रथमच प्रवेश झाला, पण तीन निरनिराळे प्रकार एकत्र बांधून! तबलजीस गावयासहि बसवावें, तसला हा न्याय. तिन्ही प्रकारांतील क्रमांकांचा गुणाकार करावयाचा, आणि तो जितका लहान तितकें उत्तम. बाईंनीं ६.८४ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून वेगांत पहिला क्रमांक पटकाविला. उरलेल्या दोहोंत मात्र आठवा. एक गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ६४. जपानच्या आकियो नोगुची यांचा तिन्हींत चौथा क्रमांक, त्यांचेहि ६४च! दोन प्रकारांत त्या पुढें असल्यामुळें कांस्यपदक त्यांस मिळालें, आणि जगांतील सर्वांत वेगवान आरोहिका रिकाम्या हातानें घरीं परतली.

पॅरिसला, २०२४ सालीं, वेगारोहणाची स्पर्धा स्वतंत्र झाली. तेथें इशाऱ्यापूर्वीं हालचाल झाली कीं लढत गेली, असा कडक नियम. ५ ऑगस्ट रोजीं पात्रताफेरींतच बाईंनीं ६.२१ व लगेच ६.०६ असे दोन उच्चांक केले. ७ तारखेस उपांत्य फेरींत गांठ पडली ती स्वदेशाच्याच अलेक्झांड्रा कालुत्स्का यांच्याशीं. अंतिम लढतींत चीनच्या डेंग लिजुआन यांस ६.१८ सेकंद लागले, बाईंस ६.१०. त्या ऑलिंपिकमध्यें पोलंडला मिळालेलें हें एकमेव सुवर्णपदक, आणि तेंहि आठ शतांश सेकंदांच्या अंतरानें.

२०२५ सालीं सोल येथें, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ६.०३ सेकंदांचा नवा उच्चांक करून तिनें तिसऱ्यांदा जगज्जेतेपद घेतलें. टोकियोपासून चार वर्षांत एक्याऐंशी शतांशांची बचत! काटकसर म्हणजे काय, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. सहा सेकंदांची सीमा त्या दिवशीं आणखी तीन शतांशांवर येऊन राहिली होती.