जकार्ड नक्षीलेखन
जकार्ड नक्षीलेखन : कापडात विणून काढावयाच्या चित्राचे, मागावरील प्रत्येक उभ्या धाग्याची उचल ठरविणाऱ्या आज्ञांत रूपांतर करण्याची क्रिया. छापील कापडावर रंग वरून चढविलेला असतो. विणलेली नक्षी मात्र उभा धागा (ताणा) व आडवा धागा (बाणा) यांपैकी कोणता वर दिसतो यावरून उमटते. महाराष्ट्रात चादरी व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरच्या विणाईत या क्रियेला विशेष महत्त्व आहे.

फ्रान्समधील लीआँ येथील झोझेफ मारी जकार (1752–1834) याने बूशाँ, फाल्कन व व्होकांसाँ यांच्या आधीच्या प्रयत्नांचा उपयोग करून 1804 च्या सुमारास आपले यंत्र सिद्ध केले. त्यात बाण्याच्या प्रत्येक फेकीसाठी एक छिद्रपत्र (कार्ड) असते. छिद्र असेल तेथे सुई आत जाते व तिच्याशी जोडलेला हुक उचलला जाऊन ताणा वर येतो. छिद्र नसेल तेथे तो खालीच राहतो.

जुन्या पद्धतीत चित्रकार प्रथम कागदावर नक्षी काढी. ती चौकटींच्या आलेखपत्रावर मोठी करून उतरविली जाई व प्रत्येक चौकट रंगविली जाई. मग एकेक ओळ वाचून कार्डे कापली जात व क्रमाने दोऱ्याने ओवली जात. 400 हुकांच्या यंत्रावर 600 फेकींची नक्षी विणावयाची झाल्यास 600 कार्डे लागतात आणि 2,40,000 चौकटींचा निर्णय करावा लागतो. चूक बहुधा नमुन्याचे कापड विणल्यावरच ध्यानी येई. मग सदोष कार्डे शोधून नवी कापावी लागत. काठ बदलावयाचा म्हटले, तरी पुष्कळसे काम पुन्हा करावे लागे.

संगणकाने हा क्रम बदलला. अमेरिकेत आयबीएम कंपनीतील जॅनिस लूरी यांनी 1960 नंतरच्या दशकात संगणकाच्या पडद्यावर नक्षी आखण्याची पद्धत विकसित केली. 1968 मध्ये सॅन अँटोनिओ येथील जागतिक प्रदर्शनात तिचे प्रात्यक्षिक झाले. पुढे छायाचित्रे दुरुस्त करण्याची सॉफ्टवेअरेही या कामी आली. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी निर्मिलेले फोटोशॉप अडोबी कंपनीने 1990 मध्ये विक्रीस आणले. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत स्तरांची (लेअर) सोय झाली. त्यामुळे काठ, पार्श्वभूमी व मधली वेलबुट्टी वेगवेगळी ठेवून एकीला धक्का न लावता दुसरी बदलता येऊ लागली. 1998 च्या पाचव्या आवृत्तीतील ‘हिस्टरी’ या सोयीने केलेल्या बदलांतून अनेक पायऱ्या मागे जाता येऊ लागले. दुरुस्ती कार्ड कापण्यापूर्वीच होऊ लागली, हा यातील मुख्य लाभ होय.

मात्र छायाचित्राचे नियम विणाईला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. छायाचित्रात सुमारे 1.67 कोटी रंगछटा संभवतात. नक्षीसाठी त्या मोजक्या रंगांवर आणाव्या लागतात, कारण येथे प्रत्येक रंग म्हणजे एक ठराविक वीण असते. छायाचित्राच्या कडा मऊ करणारी सोय येथे दोष ठरते. तिच्यामुळे उद्भवलेल्या मधल्या छटांना कोणतीही वीण नेमलेली नसते. इंचात 40 ताणे व 30 बाणे असतील, तर चौरस चौकटींवर काढलेले वर्तुळ कापडात उभट लंबगोल होते. त्यामुळे चौकटींचे प्रमाणही 3:4 धरावे लागते. दुपदरी विणीत मागील बाजूस रंगांची अदलाबदल होते व विणलेले नाव उलटे दिसते, हेही आधीच विचारात घ्यावे लागते. धागा फार लांबवर मोकळा राहिल्यास तो अडकून निघतो. असे दोष पडद्यावरील सुबक चित्रात दिसत नाहीत. ते विणीचा जाणकारच ओळखतो.

तयार झालेल्या संगणकीय नक्षीवरून संगणकनियंत्रित यंत्राने कार्डे कापता येतात. विद्युतीय जकार्डात कार्डांची गरजच उरत नाही. ब्रिटनच्या बोनास कंपनीने 1983 मध्ये मिलान येथील प्रदर्शनात असे यंत्र मांडले. त्यात हुकांची निवड विद्युत्‌चुंबक करतात. नक्षी बदलण्यास कार्डांची माळ उतरवावी लागत नसल्याने थोड्या नगांची मागणीही पुरविणे सोपे होते.

या सुलभतेची दुसरी बाजू नकलेची आहे. कार्डांची जड माळ सहजासहजी दुसऱ्याच्या हाती जात नसे. संगणकीय नक्षीची प्रत क्षणात होते, आणि बाजारातील चादरीच्या छायाचित्रावरूनही नवी नक्षी उतरविता येते. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना 2005-06 मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. परंतु ही नोंदणी सोलापूरच्या नावाचे रक्षण करते, एखाद्या विशिष्ट नक्षीचे नव्हे. नव्या नक्षीची 2000 च्या अभिकल्प कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तिचे संरक्षण प्रथम 10 वर्षे असते व पुढे 5 वर्षांनी वाढविता येते. नक्षी बाजारात येण्यापूर्वीच ही नोंदणी मागणे आवश्यक असते. म्हणून पूर्वी कार्डे कापण्यात जाणाऱ्या वेळाचा काही भाग आता विणीची तपासणी व नक्षीची नोंदणी यांस देणे विणकराच्या हिताचे ठरते.