आवाज बसला म्हणजे गळा तयार झाला असं नाही

"आवाज बसेपर्यंत गा, घसा फुटला की गळा खुलतो." सोनपेठ भागात हरिनाम सप्ताह असो, गणपती असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, गाणाऱ्या पोरापोरींना हे कुणी ना कुणी ऐकवतंच. मोबाइलवर अरिजित सिंग आणि श्रेया घोषाल ऐकून तसं गायची उमेद धरलेली मुलं त्यावर विश्वास ठेवतात आणि स्वतःचा आवाज खरवडून घेतात. हा सल्ला चुकीचा आहे आणि घातकही.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, मोठ्या माणसातही जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीचे. ४४० हर्ट्झचा स्वर लावला की ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. त्यात ओरडलं तर ते सुजतात. सुजलेले तंतू जड होतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा होतो. हेच तासन्‌तास, रोज चाललं तर तंतूंवर गाठी धरतात. व्यायामाने दंड भरतो तसा गळा भरत नाही. पॉप गायिका अडेलचं उदाहरण जगाला ठाऊक आहे: स्वरतंतूंत रक्तस्राव झाल्याने २०११ मध्ये तिला कार्यक्रम रद्द करून बोस्टनला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

"मग जुने गवई पहाटे उठून मेहनत करायचे ती काय?" हा प्रश्न हमखास येतो. ती मेहनत खर्जाची होती: खालच्या सप्तकात, शांतपणे, एकेक स्वर लांबवत. तिचा ओरडण्याशी संबंध नाही. जोर म्हणजेच गाणं असतं, तर क्षयाने एक फुप्फुस जवळपास निकामी झालेले कुमार गंधर्व १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसलेच नसते.

पॉप गायकाचा उंच, भरदार सूर ऐकून तो ओरडतोय असं वाटतं. प्रत्यक्षात छातीचा आणि डोक्याचा आवाज तो बेमालूम मिसळतो, तोंडाची पोकळी उघडतो आणि उरलेलं काम माइक करतो. आपल्याकडचा मुलगा मात्र मूळ पट्टीच्याच कॅराओकेवर गातो. अंतरा आला की हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा टरारतात, खांदे उचलले जातात. त्या क्षणी थांबा आणि पट्टी दोन स्वर उतरवा. कॅराओकेच्या बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते.

मांडवात आणखी एक घोळ होतो. कर्णे लोकांकडे तोंड करून असतात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही आणि नकळत तो ओरडू लागतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवलं होतं. साउंडवाल्याला सांगून एक छोटा स्पीकर गायकाकडे वळवून घ्या.

घसा सुजलाय का, हे घरीच पाहता येतं. रॉबर्ट बास्टियन या अमेरिकी स्वरतज्ज्ञांनी सुचवलेली चाचणी सोपी आहे: 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ उंच पट्टीत, अगदी हळू गा. एरवी जमणारा स्वर हळू गाताना फुटत असेल, उशिरा लागत असेल, तर त्या दिवशी गाणं बंद.

बाकीचे समज थोडक्यात. मध, ज्येष्ठमध, आलं घशाला बरं वाटायला ठीक, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवर लागत नाही. तिथपर्यंत पोचते ती वाफ. आवाज बसल्यावर ताणून कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे; गप्प बसणं ही विश्रांती. गळा जन्मजात असतो हे अर्धसत्य आहे: तंतूंची लांबी जन्माने मिळते, सुरात गाणं बहुतेकांना शिकून येतं. आणि १९९७ मध्ये आलेलं ऑटोट्यून सूर सरळ करतं; घोगरेपणा काढत नाही, श्वासही पुरवत नाही. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा त्यांना उंच पट्टीला जुंपू नका, एवढं मात्र भजनी मंडळांनी मनावर घ्यावं.

आवाज बसून चार आठवडे झाले आणि सुधारला नाही, तर स्वरयंत्र आतून तपासून घ्यावं, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गाण्यावर पोट असेल तर तेवढंही थांबू नका. सोनपेठहून परळीमार्गे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवून या.