शून्यता आणि चित्तस्वभाव

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण सर्वजण वापरतो; आम्ही शिक्षक तर जरा अधिकच. या म्हणीचा ज्यांनी मुळापासून विचार केला, त्या बौद्ध आचार्यांचे म्हणणे मात्र निराळे आहे.

नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिकां’त ‘स्वभाव’ या शब्दास नेमका अर्थ आहे : जे कशावरही अवलंबून न राहता स्वतःच्याच बळावर असते ते. असे काही सापडत नाही, म्हणून सर्व शून्य. माती, पाणी, चाक आणि कुंभाराचा हात यांवाचून मडके होत नाही. मडके नाहीच, असा याचा अर्थ नव्हे. त्यास स्वतंत्र अस्तित्व नाही, एवढाच. सर्व शून्य असेल तर चार आर्यसत्येही उरणार नाहीत, हा आक्षेप नागार्जुनाने 24 व्या प्रकरणात स्वतःच मांडला आहे. त्याचे उत्तर असे की, वस्तूंना अचल स्वभाव असता, तर दुःख कधीच सरले नसते. शून्यतेमुळेच मार्गास अर्थ आहे.

या ग्रंथाशी मराठी विद्वत्तेचा निकटचा संबंध आहे. डॉ. प. ल. वैद्य यांनी नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव याच्यावरील प्रबंध 1923 मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केला, आणि 1960 मध्ये दरभंग्याहून ‘मध्यमकशास्त्र’ संपादून दिले. आमच्या मानपुराजवळील महू येथे 1891 मध्ये जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनीही, 1957 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात, शून्यतेस भूमितीतील बिंदूची उपमा दिली : त्यास लांबी-रुंदी नाही, तरी तो आहे. सर्व काही शक्य होते ते शून्यतेमुळेच, असा त्यांचा अभिप्राय आहे.

हाच न्याय चित्तास लागू होतो. ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ चित्ताची प्रकृती प्रभास्वर, म्हणजे तेजोमय, म्हणते. पण लगेच ते चित्त अचित्त असल्याचेही सांगते. चित्तास नवा आत्मा समजू नये, हा त्यातील इशारा होय. लोभ, द्वेष, मोह हे कारणांनी येतात आणि कारणे सरली की जातात.

काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही ‘स्वभावतः मंद’ असा शेरा लिहिला. तो घरी भिली बोलत असे. वर्गातील हिंदी प्रश्नच त्यास उमगत नव्हते. एका सोबत्याने ते त्याच्या बोलीत सांगितले, तेव्हा उत्तरे बिनचूक आली. मंदपणा त्याच्या चित्तात नव्हता. भाषा, वर्ग आणि आमची घाई यांच्या योगाने तो दिसत होता. शेरा आम्ही खोडला. पण मधले वर्ष त्यास परत देता आले नाही.

शून्यतेचा सिद्धांत पाठ्यक्रमात असो वा नसो, शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने तो एकदा आठवावा, अशी आमची विनंती आहे.