आईची टिकली

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावून सांगितले, "डॉक्टर, लसीकरणाचे वेळापत्रक नको, ते आता आमच्या बायकांनाही पाठ आहे." त्यामुळे एका कुत्रीविषयी लिहीत आहे. बालरोगतज्ज्ञ कुत्र्यावर लिहितो तेव्हा तो बहुधा रेबीजवरच लिहितो. मीही आयुष्याची बरीच वर्षे कुत्रा म्हटले की तेवढेच पाहत आलो. निवासी डॉक्टर असताना जलसंत्रासाने गेलेला एक सात वर्षांचा मुलगा मी पाहिला आहे. पायाला चावा झाला होता, घरच्यांनी जखमेवर चुना आणि मिरचीपूड भरली होती आणि लस राहून गेली होती. तो शेवटपर्यंत शुद्धीवर होता, पाणी मागत होता आणि पेला पुढे केला की आक्रसून जात होता. त्या रात्रीनंतर आमच्या घरात कुत्रा येणार नाही, हे मी ठरवून टाकले होते. तो निर्णय पुढे माझ्या आईमुळे मला बदलावा लागला.

१९७२ साली, मी चार वर्षांचा असताना, आईला क्षय झाला. रिफाम्पिसिनचे अल्पमुदतीचे उपचार आपल्याकडे रुळण्याच्या आधीचा तो काळ. आयएनएच आणि थायासिटाझोनच्या गोळ्या, जोडीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. निपाणीतल्या घराच्या सोप्यात कंपाउंडर सुई उकळत बसलेला मला अंधुक आठवतो. आईचा क्षय बरा झाला. मात्र इंजेक्शने संपत आली तशी ती म्हणू लागली, "कानात रातकिडे ओरडतात रे." पुढे रातकिड्यांबरोबर बाकीचे आवाजही गेले. आधी पैंजण, पाखरे, लहान मुलांचे बोलणे, मग पुरुषांचे. पन्नाशीत ती पूर्ण बहिरी झाली होती.

मायटोकाँड्रियातील १५५५ या स्थानावरचा एक जनुकीय दोष असेल, तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन योग्य मात्रेत देऊनही श्रवण जाऊ शकते, आणि हा दोष फक्त आईकडूनच मुलांकडे येतो, हे मी एम.डी. झाल्यानंतर कित्येक वर्षांनी वाचले. आईची तशी तपासणी कधी झाली नाही. माझी मी करून घेतलेली नाही. घरात सांगून ठेवले आहे की मला ही औषधे देऊ नयेत. नवजात शिशूला जेंटामायसिन लिहिताना मात्र आजही माझा हात क्षणभर थांबतो आणि मी बाळाच्या आईला विचारतो, "तुमच्या माहेरी कुणाला ऐकू कमी येतं का?" तुम्हीही विचारत चला. त्याला पैसे पडत नाहीत.

आई ओठ वाचून बोलणे समजून घेई. ही कला वाटते तेवढी खात्रीची नाही. प, ब, म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. 'पाय', 'बाय' आणि 'माय' यांत डोळ्यांना फरक कळत नाही. क, ग, ह तर घशाकडे तयार होतात, ते दिसतच नाहीत. बाकीचे संदर्भाने जुळवून घ्यायचे. मराठी ती बऱ्यापैकी जुळवून घेई. बाजारातली कानडी ऐकू येत होती तोवर तिला उत्तम कळे. ओठांवरून मात्र ती हाती लागेना. म्हणून भाजीवाल्याने बोटे दाखवायची आणि हिने मान डोलवायची, असा व्यवहार चाले. घरात वडील तिचे कान होते. दारावर कोण आले, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, फोन कुणाचा, सगळे तेच खुणेने सांगत. २०११ साली ते गेले आणि आईचे कान दुसऱ्यांदा गेले.

मी बेळगावात, ती पाऊणशे किलोमीटरवर निपाणीत. "तुझ्याकडे येऊन मी काय करू? तुझ्या बंगल्याच्या भिंतीही मला ओळखत नाहीत," एवढे बोलून ती विषय संपवी. मावशी सकाळ-संध्याकाळ कामाला येत. मधला वेळ आणि रात्र ती एकटी. दोनदा कुकर कोरडा पडून करपला. एकदा मी दाराबाहेर पाऊण तास उभा राहिलो. ती आत गहू निवडत होती.

या टप्प्यावर ईएनटीवाल्या मित्रांचा प्रश्न मला ऐकू येतो : कॉक्लिअर इम्प्लांट का केले नाही? सुचवले होते, तपासण्याही झाल्या होत्या. आई म्हणाली, "चाळीस वर्षांनी परत ऐकायला लागून आता मला कुणाचं ऐकायचंय?" यावर माझ्यापाशी वैद्यकीय उत्तर होते, पण ते मी दिले नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेलो होतो. त्याच्या शेजारच्या कर्णबधिर बाईंनी चहाला बोलावले. चहाच्या किटलीची शिट्टी झाली तसा मरून रंगाचे जाकीट घातलेला एक छोटा कुत्रा कोपऱ्यातून उठला, बाईंच्या गुडघ्यावर त्याने पंजा ठेवला, बाईंनी हाताने 'काय?' असे विचारले आणि तो त्यांना किटलीपर्यंत घेऊन गेला. भुंकणे नाही, धावपळ नाही. मी चहा विसरून त्याच्याकडे पाहत राहिलो.

अंधांना वाट दाखवणारी कुत्री आपण ऐकून असतो; ही बहिऱ्यांना आवाज दाखवणारी. हे काम १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुरू झाले. इंग्लंडमध्ये ब्रूस फोगल हे पशुवैद्य आणि लेडी बिएट्रिस राइट यांच्या पुढाकाराने १९८२ साली 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था उभी राहिली. जपानने २००२ साली कायदा करून अशा कुत्र्यांना सार्वजनिक ठिकाणी व वाहनांत प्रवेशाचा हक्क दिला. या कामाला मोठा, ताकदवान कुत्रा लागत नाही. कुत्र्याचे कान मुळातच आपल्या दुपटीहून अधिक कंपनसंख्येपर्यंतचे आवाज टिपतात. लागते ती चौकस वृत्ती आणि माणसाची ओढ. आपल्या भागाला मुधोळच्या शिकारी कुत्र्याचा अभिमान आहे, २००५ साली त्याचे टपाल तिकीटही निघाले. पण सशामागे धावणारा तो उमदा प्राणी आईच्या स्वयंपाकघरात मावला नसता.

आपल्याकडे तयार कुत्रा मिळण्याची सोय नव्हती, म्हणून घरीच करायचे ठरवले. लष्करातून निवृत्त झालेले एक श्वानप्रशिक्षक सुभेदार आमच्या ओळखीचे होते. मी संकोचत कल्पना मांडली. ते हसून म्हणाले, "साहेब, बॉम्ब शोधायला शिकवणं आणि कुकर शोधायला शिकवणं एकच. उलट कुकर रोज वाजतो, सराव चांगला होतो." एका घरी चार पिल्ले होती, पॉमेरियनच्या वळणाची, पण बापाचा पत्ता नसलेली. सुभेदारांनी त्यांच्यामागे किल्ल्यांचा जुडगा आपटला. दोन पळाली, एकाने ढुंकूनही पाहिले नाही, चौथी मान तिरपी करून किल्ल्या हुंगायला आली. तीच उचलली. पांढऱ्या कपाळावर मधोमध तांबूस ठिपका होता. वडील गेल्यापासून आईचे कपाळ मोकळे होते. पिल्लाकडे पाहून ती म्हणाली, "माझी टिकली हिच्या कपाळावर गेली होय!" नाव तिथेच ठरले. मी आधी लसीकरणाचे कार्ड केले आणि मगच तिला हात लावला.

शिक्षण एका वेळी पाच-दहा मिनिटांचे, दिवसातून तीन-चारदा. आधी फक्त घंटी आणि लगेच खाऊ, म्हणजे आवाज ही चांगली गोष्ट आहे हे मनात बसावे. मग घंटी वाजल्यावर आईला पंजा लावला तरच खाऊ. मग पंजा लावून आईला घंटीपर्यंत नेले तरच खाऊ. त्यानंतर अंतर वाढवायचे, आईने पाठ करून बसायचे, झोपेचे सोंग घ्यायचे. खाऊ आईच्याच हातून मिळे. एरवी ती आवाज मावशींना सांगायला गेली असती. एक आवाज मात्र वेगळा शिकवला. आम्ही गॅसगळतीचा भोंगा बसवून घेतला. तो वाजला तर पंजा लावायचा आणि तिथेच जमिनीवर आडवे पडायचे. तिकडेही धुराच्या भोंग्यासाठी हीच रीत आहे. माणसाला धोक्याकडे न्यायचे नसते.

दहा महिन्यांत टिकली दाराची घंटी, कुकर, मोबाइल आणि आईच्या नावाची हाक ओळखू लागली. सगळ्या आज्ञा हाताच्या खुणांच्या. त्यामुळे तिला मराठीही येत नाही आणि कानडीही. सीमाभागात जन्मून भाषेच्या वादातून सुटलेली आमच्या घरातली ती एकटीच. चुकाही होत. शेजारच्या घरातला कुकर वाजला तरी ती आईला उठवून ओट्यापाशी नेई. पुढे तिला आमच्या कुकरची शिट्टी वेगळी कळू लागली. कशी, ते सुभेदारांनाही सांगता आले नाही.

आईने तिला गुळेदगुड्डच्या खणाच्या उरलेल्या तुकड्याचे जाकीट शिवले. त्याचा परिणाम माझ्या अपेक्षेबाहेरचा होता. बहिरेपण दिसत नाही. काठी नाही, चष्मा नाही. लोकांना वाटते म्हातारी शिष्ट आहे. टिकली बरोबर असली की दुकानदार विचारी, "आज्जी, हे कुत्र्याला झबलं कशाला?" आई सांगे. मग तो माणूस तिच्याकडे तोंड करून सावकाश बोले. वडील गेल्यानंतर बाजारातून दहा मिनिटांत परतणारी आई तासभर रमू लागली. अर्थात सगळीकडे असे झाले नाही. डोळे तपासायला नेले तेव्हा एका इस्पितळाच्या दारावर टिकलीला अडवले आणि आत आईचे नाव पुकारले जात असताना ती बाकावर शांत बसून राहिली. तिचा नंबर गेला. रेल्वेने न्यायचे तर फर्स्ट क्लासचे कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यात कोंडा. सोबत म्हणून दिलेले जनावर गार्डाच्या डब्यात ठेवून कुणाची सोबत होणार?

ऑगस्ट २०१९ चा पाऊस कुणी विसरले नसेल. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि निपाणीचा रस्ता तुटला. मी बेळगावात अडकलो. त्यातल्या एका रात्री आमच्या घराची परसाकडची मातीची भिंत कोसळली. शेजारी धावले, दार बडवू लागले. टिकली आली नाही. भिंतीच्या आवाजाने ती पलंगाखाली घुसून थरथरत होती, आणि पलंगावर आई गाढ झोपली होती. शेवटी शेजारचा मुलगा गच्चीवरून उतरला आणि त्याने दिव्याचे बटण खालीवर केले, तेव्हा तिला जाग आली. उरलेली भिंत पहाटे पडली.

रस्ता खुला झाल्यावर मी पोहोचलो तो टिकलीवर चिडूनच. सुभेदार म्हणाले, "साहेब, माझ्या हाताखालची माणसंही घाबरायची. हिला तर पगारही नाही." आई तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, कारण मी टिकलीवर हात उगारला होता. नंतर मी घंटीबरोबर लखलखणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारे यंत्र बसवले. ते सहा वर्षांपूर्वीच बसवायला हवे होते. कुत्री मिळाली म्हणून मी निर्धास्त झालो होतो. चूक माझी होती.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला तिसऱ्या वर्षी इम्प्लांट बसले. शाळेत तो छान बोलतो. पण रात्री झोपताना कानामागचा प्रोसेसर काढावा लागतो आणि दिवा मालवला की ओठही दिसत नाहीत. ते मूल रोज रात्री पुन्हा पूर्ण बहिरे होते, आणि अंधारात. त्याची आई सांगत होती, तो तिचा पदर मुठीत धरून झोपतो. ऑडिओग्रामवर हे उमटत नाही. इतकी वर्षे इम्प्लांटच्या मुलांचा पाठपुरावा करताना 'रात्री कसा झोपतो?' हे मी विचारले नव्हते. एका रविवारी त्याला निपाणीला नेले. टिकली तासभर त्याच्या मांडीवर झोपली. त्याने विचारले, "ही रात्री पण ऐकते?" इंग्लंडमध्ये कर्णबधिर मुलांनाही अशी कुत्री देतात, हे मी त्याच्या वडिलांना सांगितले. त्यांनी अजून पिल्लू आणलेले नाही. घर भाड्याचे आहे.

मागच्या वर्षी थंडीत मी निपाणीला गेलो असता कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि टिकली उठली नाही. पशुवैद्यांनी तिच्यामागे टाळ्या वाजवल्या, ताटली आपटली. बाराव्या वर्षात होते असे, म्हणाले. परदेशात साधारण या वयाला कामाच्या कुत्र्यांना निवृत्त करतात. मी आईला पाटीवर लिहून दिले, 'दुसरे पिल्लू पाहू या.' तिने पाटी पुसली आणि म्हणाली, "मी बहिरी झाले तेव्हा तुझ्या वडिलांनी दुसरी पाहिली होती का?"

गेल्या रविवारी मी दाराची घंटी दाबली. खिडकीच्या काचेतून दिवा लखलखताना दिसला. आईने मान वर केली, पायाशी झोपलेल्या टिकलीच्या पाठीवर दोनदा हात लावला, आणि दोघी सावकाश दार उघडायला आल्या.