शेजाऱ्याचा सुटा कुत्रा

शेजाऱ्याच्या कुत्र्याने परसातली कोंबडी नेली की आधी भांडण होते, कायदा नंतर आठवतो. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असूनही मालकाने निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोंबडीची भरपाई मात्र त्यात नाही. ती समजुतीने, नाहीतर दिवाणी दाव्याने. (एका कोंबडीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?) शेजारी भटक्या कुत्र्यांना खायला घालत असेल, तर ती जागा २०२३ च्या नियमांनुसार जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. कुत्रा चावलाच, तर वाद बाजूला ठेवा. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.