उकडणे आणि भाजणे : उन्हाळ्याच्या दोन जाती व त्यांची भाषा

मे महिन्यातील एखाद्या दुपारी मुंबईत तापमापकाचा पारा ३३ अंश सेल्सिअसवर असतो, आणि त्याच वेळी नागपुरात तो ४३ अंशांवर गेलेला असतो. केवळ आकड्यांवरून निवाडा करावयाचा, तर मुंबईकराला तक्रारीस जागाच उरत नाही. परंतु नागपूरहून आलेला पाहुणा मुंबईत पाऊल ठेवताच पंखा शोधू लागतो आणि 'येथे फार उकडते' असे म्हणतो. गावी असताना त्याने असे म्हटले नसते. तेथे तो 'ऊन फार आहे', 'अंग भाजून निघाले' असे म्हणाला असता. एकाच माणसाने एकाच ऋतूसाठी दोन ठिकाणी दोन क्रियापदे वापरावीत, ह्याला केवळ बोलण्याची लकब म्हणून सोडून देता येणार नाही. ही दोन क्रियापदे दोन भिन्न भौतिक घटनांची नावे आहेत, हे प्रस्तुत लेखात प्रथम दाखवावयाचे आहे. भाषेने हा भेद अचूक केला असला, तरी धोक्याची जाणीव मात्र तिने एकाच बाजूस बांधून ठेवली आहे, हे त्यानंतर पाहावयाचे आहे.

स्वयंपाकघरातील दोन क्रिया

मराठीतील उन्हाळ्याच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले असता त्यातील बराच भाग स्वयंपाकघरातून आलेला दिसतो. कोरड्या उष्णतेसाठी आपण 'भाजणे' वापरतो. अंगाची 'लाही लाही' झाली असे म्हणतो, आणि लाही म्हणजे पाण्यावाचून, तापल्या भांड्यात भाजून फुलविलेला दाणा. दमट उष्णतेसाठी 'उकडणे' हे क्रियापद आहे. बटाटे उकडतात, मोदकांची उकड काढतात; ह्या सर्व क्रियांत पाणी किंवा वाफ असावीच लागते. 'उकाडा' हे नाम त्याच धातूवरून आलेले आहे. म्हणजे उष्णतेचे वर्गीकरण करताना मराठी भाषकाने पारा किती चढला हे न पाहता, हवेत पाणी आहे की नाही हे पाहिले. हे वर्गीकरण शास्त्रदृष्ट्याही योग्य ठिकाणी रेघ ओढते.

व्याकरणाच्या दृष्टीनेही दोहोंत एक भेद आहे. 'ऊन' हे नाम आहे. 'उष्ण' ह्या संस्कृत शब्दापासून प्राकृत 'उण्ह' ह्या रूपातून ते मराठीत आले, आणि मूळचा हकार 'उन्हात', 'उन्हाळा' ह्या रूपांत आजही ऐकू येतो. ते वाक्यात कर्त्याच्या जागी उभे राहते: ऊन लागते, ऊन भाजते, ऊन तापते. 'मला उकडते' ह्या वाक्यात मात्र कर्ता नाही. 'मळमळते', 'उजाडते', 'गडगडते' ह्यांच्याप्रमाणे हे भावकर्तृक क्रियापद आहे. अनुभवणारा चतुर्थीत आहे आणि करणारा कोणीच नाही. उन्हाकडे बोट दाखविता येते, उकाड्याकडे येत नाही. ह्या भेदाचा उपयोग पुढे होईल.

घाम येणे आणि घाम वाळणे

माणसाचे शरीर स्वस्थ बसलेले असतानाही सुमारे १०० वॅट इतकी उष्णता निर्माण करीत असते. ती बाहेर गेली नाही तर शरीराचे तापमान वाढू लागते. गार हवेत ती त्वचेवरून सहज निघून जाते. परंतु त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असल्यामुळे भोवतालची हवा त्या पातळीजवळ येऊ लागली की हा मार्ग अरुंद होतो, आणि ती पातळी ओलांडली की उष्णतेचा ओघ उलट फिरून हवेतून शरीरात येऊ लागतो. मग घाम हा एकच मार्ग उरतो.

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळण्याने होते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना ती त्वचेपासून सुमारे ५८० कॅलरी अप्रकट उष्णता घेऊन जाते. ह्या हिशेबाने, स्वस्थ बसलेल्या माणसाची सर्व उष्णता घामावाटे जावयाची असेल तर ताशी सुमारे १५० ग्रॅम घाम पूर्णपणे वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब ह्या हिशेबात धरता येत नाही. त्याने शरीरातील पाणी व मीठ नेले, उष्णता नेली नाही.

घाम किती वेगाने वाळेल हे त्वचेलगतच्या आणि भोवतालच्या हवेतील बाष्पदाबांच्या अंतरावर अवलंबून असते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ५६ मिलिबार असतो. आता उदाहरणासाठी मुंबईची हवा ३३ अंश व सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के अशी, आणि नागपूरची ४३ अंश व १५ टक्के अशी घेऊ. मुंबईच्या हवेत बाष्पदाब सुमारे ३३ मिलिबार भरतो, नागपूरच्या हवेत सुमारे १३. म्हणजे घामाला वाळण्यास मिळणारी ओढ मुंबईत २३ मिलिबारांची, तर नागपुरात ४३ मिलिबारांची आहे. नागपुरात घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो. मुंबईत तो अंगावर राहतो. एका ठिकाणी माणूस भाजतो व दुसऱ्या ठिकाणी उकडतो, ह्याचा अर्थ हा असा आहे.

स्वयंपाकघराची उपमा मात्र शब्दशः घेऊ नये. मोदकावर वाफ निवते आणि आपली अप्रकट उष्णता त्यास देते. उकाड्यात हवेतील बाष्प अंगावर निवत नाही, ते घामाची वाफ होण्यास अडथळा करते. परंतु दोन्हीकडे निर्णायक गोष्ट बाष्प हीच आहे.

ह्याची साक्ष घरगुती वस्तूही देतात. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून, अथवा आज कूलर लावून, खोली सुखावह करता येते. मुंबईत कूलरने खोलीतील ओलावा तेवढा वाढतो. फुग्याला ओले कापड गुंडाळून तापमापक वाऱ्यात धरला तर तो बाष्पीभवनाने हवा किती अंशांपर्यंत थंड करता येईल ती मर्यादा दाखवितो. वरील उदाहरणांत हे आर्द्र तापमान नागपुरात सुमारे २३ अंश, तर मुंबईत २७ अंशांहून अधिक येते. ज्या शहराचा पारा दहा अंशांनी कमी, त्याचेच आर्द्र तापमान चार-पाच अंशांनी जास्त आहे.

झळ आणि झुळूक

वाऱ्याच्या बाबतीतही भाषेने असाच भेद केला आहे. उन्हाळ्यातील वाऱ्याला नागपूरकर 'झळ' म्हणतो. समुद्रकाठी तोच 'झुळूक' होतो. ह्या दोन शब्दांमधील सीमारेषा स्थूलमानाने त्वचेच्या तापमानाशी, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास, पडते. हवा त्याहून गार असेल तर वारा त्वचेलगतचा उबदार व बाष्पाने भरलेला थर दूर सारून उष्णताही नेतो आणि घामही वाळवितो. हवा त्याहून तप्त असेल तर वारा उष्णता आणून देतो. कोरड्या हवेत घाम आधीच वाळत असल्याने वाऱ्याने आणखी वाळण्यास फारसे उरत नाही, आणि भर पडते ती उष्णतेचीच. म्हणून विदर्भात दुपारी खिडक्या लावून घेतात आणि कोकणात त्या उघडतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत.

किनाऱ्यावर हा वारा येतो कसा? सूर्याच्या उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो; पाण्याची विशिष्ट उष्णता अधिक आहे, आणि त्यात आलेली उष्णता खोलवर मिसळत जाते. जमिनीवरील हवा तापून वर जाऊ लागली की समुद्रावरील तुलनेने गार हवा तिच्या जागी येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि ओघ उलटतो. ते मतलई वारे. दोहोंच्या सांध्यावर, विशेषतः सकाळी उशिरा, 'वारा पडतो', आणि पानही हलत नाही अशा त्या अवधीत उकाडा फार जाणवतो.

खाऱ्या वाऱ्यांचे कार्य दुहेरी आहे. ते पारा खाली ओढतात आणि त्याच वेळी हवेत बाष्प भरतात. मुंबईचे तापमान सर्वाधिक चढते ते मे महिन्यात नव्हे, तर मार्च-एप्रिलमध्ये, पूर्वेकडून कोरडा वारा वाहत असताना व खारे वारे उशिरा सुरू होतात अशा दिवशी. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवशी मुंबईकर उकडत नाही, भाजतो. खारे वारे सुरू झाले की पारा उतरतो, आणि भाजण्याची जागा उकडणे घेते. शिवाय बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता शोषून पुन्हा खाली पाठविते. म्हणून मे महिन्यात नागपुरात दिवस-रात्रीच्या तापमानांत चौदा-पंधरा अंशांचे अंतर पडते, तर मुंबईत ते सहा-सात अंशांचेच राहते. कोरड्या प्रदेशात शरीराला रात्री जी उसंत मिळते, ती किनाऱ्यावर मिळतेच असे नाही.

एक आकडा, दोन शब्द

तापमान व आर्द्रता एकत्र करून 'भासमान तापमान' काढण्याची रीत रॉबर्ट स्टेडमन ह्यांनी १९७९ मध्ये मांडली. अमेरिकेत प्रचलित झालेला उष्णता निर्देशांक तिच्यावरच आधारलेला आहे, आणि भारतीय हवामान विभागानेही २०२३ मध्ये असा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देण्यास आरंभ केला. अमेरिकन सूत्राने आपल्या दोन उदाहरणांचे गणित केले तर उत्तर मौजेचे येते: मुंबई व नागपूर ह्या दोहोंचाही निर्देशांक ४१ ते ४२ अंशांच्या दरम्यान पडतो. साध्या तापमापकाने नागपूर अधिक कडक ठरते, आर्द्र तापमानाने मुंबई, आणि निर्देशांकाने दोन्ही सारखीच. तीन मापे तीन निवाडे देतात, कारण एकाच आकड्यात दोन घटना मावत नाहीत. 'भाजते' आणि 'उकडते' हे दोन शब्द ह्या ठिकाणी आकड्याहून अधिक माहिती देतात: पहिला सांगतो की ऊन टाळा, अंग झाका, पाणी प्या, दुसरा सांगतो की वारा मिळवा, श्रम कमी करा, कारण पाणी पिऊनही घाम वाळणार नाही.

भाषा जेथे अपुरी पडते

येथपर्यंत भाषेची बाजू भक्कम आहे. परंतु धोक्याचा प्रश्न आला की चित्र बदलते. मराठीत माणसाला 'ऊन लागते', आणि ते लागून तो दगावूही शकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. डोक्याला फडके, खिशात कांदा, घरी आल्यावर कैरीचे पन्हे, हे सारे उपचार उन्हाविरुद्ध आहेत. 'त्याला उकाडा लागला' असे मात्र कोणी म्हणत नाही. वृत्तपत्रांत 'जीवघेणा उकाडा' छापला जातो, पण तो 'जीवघेणी गर्दी' ह्या प्रयोगासारखा अतिशयोक्तीचा. उकाडा त्रास देतो, चिडचिड करवितो, पाऊस जवळ आल्याचे सांगतो. तो मारतो अशी नोंद आपल्या वाक्प्रचारांत नाही. ज्या क्रियेला कर्ता नाही तिच्यावर आरोप ठेवणार कोण?

शरीरविज्ञानाचे म्हणणे वेगळे आहे. आर्द्र तापमान ३५ अंशांस पोहोचले तर निरोगी माणूसही सावलीत, भरपूर पाणी पिऊन, फार काळ जगू शकणार नाही, हे सैद्धांतिक गणित २०१० मध्ये मांडले गेले. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील २०२२ मधील प्रयोगांत, तरुण व निरोगी व्यक्तींच्या शरीराचा तोल दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागतो असे आढळले. वृद्ध, आजारी, पत्र्याच्या छपराखाली राहणारे व बंद जागेत कष्ट करणारे ह्यांची मर्यादा त्याहूनही खाली असणार. हा धोका सावलीत आहे, घरात आहे, रात्रीही आहे. आणि तेथे 'ऊन' नसल्यामुळे त्याची सूचना देणारा शब्दही नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरील सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे मरण पावली. त्या दिवशीचे कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातील माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तेथे डोक्यावर ऊनही होते आणि खाडीकाठची दमट हवाही. भाजणे व उकडणे एकत्र आले असता काय होते ह्याचे ते दुःखद उदाहरण आहे. हवामान विभागाच्या निकषांत हा भेद काही अंशी मान्य केलेला आहे: उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात किमान ४० अंशांची अट आहे, तर किनाऱ्यावर ३७ अंश पुरतात, मात्र तापमान सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. म्हणजे तेथेही पहिला शब्द पाऱ्याचाच आहे. उकाड्याच्या दिवसांसाठी जो इशारा येतो त्यात 'उष्ण व दमट हवामान' असे शब्द असतात. शाळेतील भूगोलात कोकणाचे वर्णन नेमक्या ह्याच शब्दांत शिकलेल्या माणसाने तो इशारा आहे हे ओळखावे कसे? त्याच्या दृष्टीने ते रोजचेच वर्णन आहे.

शब्दावरून समाजाची समजूत थेट अनुमानता येत नाही, ही मर्यादा आपल्या शास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. भावकर्तृक क्रियापदामुळे माणसे गाफील राहतात असा सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. परंतु इशारा हे अखेर एक वाक्य असते, आणि ते ऐकणाऱ्याच्या भाषेतच समजले जाते. 'उकाडा' हा शब्द कोकणातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. त्याला धोक्याचा अर्थ तेवढा जोडावयाचा आहे. 'आज उकाडा धोक्याचा आहे; घाम वाळणार नाही; वारा नसलेल्या जागी कष्टाचे काम करू नये' अशी तीन वाक्ये 'उष्ण व दमट हवामान' ह्या चार शब्दांहून अधिक काम करतील. हवेतील बाष्प ओळखणारे क्रियापद आपल्या भाषेने फार पूर्वीच घडविले आहे. ते इशाऱ्याच्या वाक्यात आणणे एवढेच आपणांकडे उरले आहे.